फेआओचा खरा दात

ये, बस इथं. तिथं नको, ती चटई ओली आहे. वाटी फिरत फिरत येईल तुझ्यापर्यंत, कावा, आपला हा मुळ्यांचा काढा, काही पळून जात नाही. मघाशी तू हसलास ना, तेव्हा दिसला मला तो. वरचा, पुढचा, सोन्याचा. शोभतो बरं का. ऑकलंडला बसवलास? मग तुला एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ते गातायत त्यांना गाऊ दे, तू कान इकडं कर. गोष्ट सोन्याच्या दाताचीच आहे. असल्याच एका दातावर एका माणसाचा जीव टांगला होता, त्या दिवसाची. आणि गोष्ट संपली की मी तुझ्याकडं काहीतरी मागणार आहे. पैसे नाही रे, घाबरू नकोस. ऐक.

फेआओ म्हणून आहे एक, आपल्या खालच्या आळीतला. सफरचंदं तोडायला न्यूझीलंडला गेला होता, आला तो तोंडात सोनं घेऊन. आता आपल्याकडं सोनं घालतात ते चांगल्या दातावर. दात धड असतो, त्यावर टोपी चढवायची, मिरवायला. फेआओही तसाच मिरवला. रविवारी देवळात प्रार्थनेला सगळ्यात खालच्या सुरात तो गायचा, असा की बाकडं थरथरायचं, आणि गाताना तोंड जरा जास्तच उघडायचा. पोरी बघायच्या. लग्न झालेलं नव्हतं, मग काय.

त्याची बहीण लेसिएली. इथल्या दवाखान्यात नर्स. मोठी. आणि तू तिकडं वाढलास म्हणून सांगतो, इथं भाऊ-बहीण मोठे झाले की एका छपराखाली झोपत नाहीत. एकमेकांची थट्टा नाही, एकमेकांसमोर वंगाळ शब्द नाही. बहीण खोलीत आली की भाऊ उठून बाहेर जातो. तिचा मान मोठा. आणि अंगाला, डोक्याला, तोंडाला हात लावायचा? नावच काढू नकोस. लहानपणी हीच दोघं एका ताटात जेवायची. ह्याचा दुधाचा दात हलायला लागला की लेसीच त्याला मासे धरायची दोरी बांधायची, दुसरं टोक दाराला, आणि धाडकन दार लावायची. तो बोंबलायचा, ती हसायची. मग एका वर्षी आत्यानं दोघांची अंथरुणं वेगळी केली आणि ते सगळं तिथंच थांबलं. त्यानंतर भावाचं तोंड तिनं नीट निरखून पाहिलेलंच नव्हतं. सोनं बसवलंय, हे तिनंही लोकांच्याच तोंडून ऐकलं.

तर रविवार होता. पहाटेपासून पाऊस, आणि उमूची, म्हणजे डुक्कर भाजायच्या खड्ड्याची, लाकडं भिजलेली. देवळाची पहिली घंटा झाली तरी खड्ड्यात नुसता धूर. मग ह्या दीडशहाण्यानं काय करावं? होडीच्या इंजिनाचा पेट्रोलचा डबा आणला आणि वाकून ओतला. आत कुठंतरी निखारा जिवंत होता.

भपकन झालं. बस, तेवढंच. आळीतल्या लोकांनी बघितलं तर फेआओ उभाच होता. भुवया नाहीत, पुढचे केस नाहीत, तोंड लालभडक. त्यांची आत्या, लोसालीने नावाची, देवळात जायच्या कपड्यांत होती. तिनं घरात जाऊन वासाचं खोबरेल आणलं आणि त्याच्या तोंडाला, मानेला भरपूर चोळलं. आत्याचा मान सगळ्यांच्या वर, तिला डोक्याला हात लावायला कोण अडवणार? तिच्या आईनं तेच केलं होतं, आजीनं तेच. माया होती ती. पण त्या तेलाचं पुढं काय झालं ते बघ.

दवाखान्यात फेआओ आपल्या पायांनी चालत आला. दारात लेसिएली. त्याला बघून सवयीनं ती पडद्यामागं सरकली. तोही सवयीनं मान वळवून उभा राहिला. आत पेनी होता, दुसरा नर्स, माझ्या चुलतभावाचा पोरगा.

"काय रे, डुक्कर भाजायचं सोडून स्वतःच शिजलास?" पेनी म्हणाला.

"डुक्कर कच्चंच आहे," फेआओ म्हणाला. "तू जा, बघ त्याच्याकडं."

पेनी हसला. लेसिएली पडद्यामागं हसली नाही. तिनं आवाज ऐकला होता. बाकडं हलवणारा तो आवाज, त्यात आता खरखर होती. चिरकत होता, कोवळ्या कोंबड्यासारखा. डॉक्टरबाई आकोसिता, तरुण पोरगी, मोठ्या बेटावरची, तिनंही तो ऐकला. तिनं त्याला तोंड उघडायला लावून बत्ती मारली. नाकात काजळी. जिभेवर काजळी. घशात लाल.

"पेनी, घशात घालायची नळी काढ," ती म्हणाली. "आत्ता. वाट उघडी आहे तोवर."

"बोलतोय की तो, डॉक्टरबाई."

"संध्याकाळी बोलणार नाही. गळा आतून सुजतोय. वाट एकदा मिटली की मिटली. मग नळी आत जायची नाही, आणि मान अशी भाजलीय की बाहेरून भोक पाडायचं म्हटलं तरी मला जमेल की नाही, देवाला ठाऊक."

लेसिएलीनं पडद्याखालून नळी सरकवली. दोरा सरकवला. औषधाची सुई भरून सरकवली. आत जायचं नाही, पण हात तर चालतायत ना. झोपवायच्या आधी फेआओ काहीतरी म्हणाला, पेनीला. पेनीनं ते नंतर मला सांगितलं. म्हणाला होता, "लेसीला म्हणावं, देवळात जा. इथं थांबू नकोस." ती थांबली.

नळी गेली. एका झटक्यात गेली, चांगला हात आहे त्या पोरीचा. पेनीनं नळीच्या टोकाला हातानं दाबायचा फुगा लावला आणि दाबायला लागला. आपल्या दवाखान्यात श्वास देणारं यंत्र नाही, पेनीचे हात हेच यंत्र. फुगा दाबला की छाती वर, सोडला की खाली. लेसिएलीनं पडद्यामागं भिंतीला पाठ टेकली. तिला वाटलं, झालं.

झालं कसलं! खरं काम तिथून सुरू झालं.

नळी घालणं एक वेळ सोपं, नळी जागेवर ठेवणं अवघड. धड माणसाच्या गालाला चिकटपट्टी लावतात, काम संपलं. फेआओच्या गालावर आत्याचं तेल होतं. पेनीनं पुसलं, तर तेलाखालून कातडंच निघून आलं आणि पाणी पाझरायला लागलं. पट्टी लाव, घसरते. दुसरी लाव, तीही घसरते.

"पाण्यातल्या माशाला तिकीट चिकटवल्यासारखं झालंय," पेनी पुटपुटला.

मग कापडाची फीत. नळीला गाठ, डोक्यामागून वळसा, दुसऱ्या बाजूला गाठ. थोडा वेळ बरं चाललं. पण तोंड सुजत होतं, भाकरी फुगावी तसं. फीत ओठाच्या कोपऱ्यात रुतली, भाजलेल्या कानात रुतली. सैल करावी तर नळी हलते, घट्ट करावी तर मांस कापते. सैल, घट्ट, सैल, घट्ट. लेसिएली बाहेरून फक्त शब्द ऐकत होती. "धर." "सोड." "सरकली." "किती?" "थोडी." नळी थोडी सरकली तर चालतं, आणखी थोडी सरकली तर नाही चालत, आणि त्या दोन 'थोड्या'मध्ये माणूस असतो.

शेवटी डॉक्टरीण म्हणाली, "दाताला बांधू. कातडं सुजेल, दात सुजत नाही." नळीला टाक्याच्या जाड दोऱ्यानं आवळून गाठ मारायची, तोच दोरा दाताच्या मुळाशी फिरवून बांधायचा. तोंड कितीही फुगू दे. तिनं ओठ उचलला. चांगला दणकट दिसेल असा दात हवा. समोरच सोनं चमकलं.

आपल्या माणसाला काय वाटेल सांग? सोन्याचा म्हणजे आतून सगळ्यात धड दात. कुजक्या दातावर कोण सोनं घालेल? डॉक्टरीणही आपलीच. तिनं दोन बोटांनी हलवून पाहिला, घट्ट होता. दोरा बांधला.

"सोन्याच्या खुंटीला नाव बांधली बघा," पेनी म्हणाला. "आता वादळ येऊ दे."

लेसिएलीनं पडद्यामागं पहिल्यांदा श्वास सोडला. दारात आत्या चटई टाकून बसली होती, देवळात जाताना मानासाठी कमरेला गुंडाळतात ती विणलेली चटई तशीच बांधलेली. दोघींची नजरानजर झाली. आत्या म्हणाली, "तू घरी जा. पेनी आहे. भाऊ आतमध्ये उघडा पडलाय, तुझं इथं काय काम?"

"माझी ड्यूटी आहे, आत्या."

"ड्यूटी पडद्याच्या अलीकडं कर."

"अलीकडंच आहे."

आता विमान. ह्याला मोठ्या बेटावरच्या दवाखान्यात न्यायचं, तर विमानच हवं. रविवारी आपल्याकडं काही उडत नाही, माशीसुद्धा विचारून उडते. डॉक्टरीण फोनवर. पायलट देवळात. पायलटला परवानगी देणारा साहेब देवळात. त्याच्या वरचा साहेब जेवायला बसलेला. आणि इथल्या धावपट्टीला दिवे नाहीत. अंधारायच्या आत विमान आलं तर आलं, नाहीतर सोमवार. डॉक्टरीण फोन ठेवायची, आत येऊन बघायची, पुन्हा फोनकडं पळायची. तिच्या चपलांचा आवाज लेसिएलीला पाठ झाला. दुपार कलली. देवळातून सुटून, जेवणं उरकून माणसं दवाखान्याच्या झाडाखाली येऊन बसली. कुणीतरी हळू आवाजात प्रार्थना धरली. खालचा सूर धरणारा नव्हता, म्हणून ती प्रार्थना अधांतरी लटकत होती.

आत फेआओचे डोळे सुजून मिटले. ओठ बाहेर उलटले. जीभ फुगून दातांच्या वर आली. औषध संपत आलेलं, डॉक्टरिणीनं बाकीचं विमानातल्या प्रवासासाठी राखलं होतं. त्यामुळं झोप पातळ होत चाललेली. आणि मग फेआओला खोकला आला.

नुसता खोकला. पण दणकट अंगाचा गडी तो, मानेला हिसका बसला, आणि कटकन आवाज झाला. लेसिएलीला वाटलं सुई मोडली. पेनी ओरडला.

"अगं आई! खुंटीच उपटली! डॉक्टरबाई!"

सोन्याचा दात निघाला होता. एकटा नाही. त्याच्या अल्याडपल्याडचे पांढरे, सगळे एका पट्टीवर, अख्खी कवळी. खाली रिकामी हिरडी. फेआओनं ते कुणाला सांगितलंच नव्हतं. तिकडं रग्बी खेळताना कुणाचा तरी गुडघा तोंडावर बसला होता, समोरचे सगळे दात मैदानावर पडले. लाज वाटली. मग ओळखीच्या माणसाकडून पट्टी बनवून घेतली, बाजूच्या दातांना आकडे घालून सिमेंटनं पक्की केली, मधल्यावर सोनं चढवलं, म्हणजे कुणाला शंका नको. मागच्या मोडक्या दाढांच्या जागीही तसंच काहीबाही बसवून घेतलं. आणि आता ती पट्टी दोऱ्याला लोंबत होती आणि तिच्यासोबत नळी बाहेर येत होती.

पेनीचे दोन्ही हात फुग्यावर. फुगा सोडावा तर श्वास थांबतो, न सोडावा तर नळी निसटते. डॉक्टरीण बाहेर फोनवर.

लेसिएलीनं विचार केला नाही. आत्याकडं बघितलंही नाही. पडदा बाजूला झाला आणि तिची बोटं भावाच्या तोंडात होती. नळी चिमटीत धरून तिनं वरच्या हिरडीला दाबून धरली. गरम होतं ते तोंड. इतकं गरम. हा माझा भाऊ आहे, हे तिला हातानं कळलं. डोळ्यांना काही ओळखीचं उरलंच नव्हतं.

"दाब!" ती पेनीला म्हणाली.

पेनीनं दाबला. छातीकडं दोघं बघत राहिले. वर आली. जराशी. पण आली.

आता दारात आत्या उभी राहिली होती. पेनी सांगतो, त्याला वाटलं आता ही ओरडणार, आणि लेसिएली दचकली तर खेळ खलास. आत्यानं बघितलं. बहिणीचा हात, भावाचं तोंड. मग तिनं कमरेची चटई सोडली. आयुष्यात कुणी तिला देवळाच्या कपड्यांत कमर मोकळी सोडून बघितलेलं नाही. ती चटई तिनं दाराच्या चौकटीवर पसरून टाकली, झाडाखालच्या लोकांना आतलं दिसू नये म्हणून.

"कुणी विचारलं तर आत नर्स आहे म्हणून सांगेन," ती म्हणाली. "बहीण मघाशीच घरी गेली." आणि पाठ करून दारात बसली.

डॉक्टरीण धावत आली. बत्ती मारली. नळी अजून आत होती, नखाएवढी. तिनं ती हळूच पुढं सरकवली, पुन्हा पुरेशी आत बसली, पण धरणारं काहीच नव्हतं. लेसिएलीची बोटं, तेवढीच. "विमान निघालंय," डॉक्टरीण म्हणाली. "पण येऊन पोचेपर्यंत, स्ट्रेचर, गाडी, तो खड्ड्यांचा रस्ता... बोटांवर नाही जमायचं. बांधायलाच हवी." तिनं हिरडीला टाका घालून बघितला. सुजलेली हिरडी ओल्या पावासारखी फाटली. नाकाच्या पडद्याला टाका घालावा तर नाकही भाजलेलं, सुईखाली ओलं, चुरगळतं. "खरा दात पाहिजे. मागचा, दाढ. पण कुठली खरी? दिसत तर काहीच नाही, जीभ आडवी आलीय. पुन्हा खोट्याला बांधली तर पुन्हा तेच, आणि ह्यावेळी नळी परत आत ढकलता येणार नाही. वाट मिटलीय."

"ह्याचे किती खोटे आहेत कुणाला माहीत?" पेनी म्हणाला. घामानं त्याचं तोंड निथळत होतं. "बायको असती तर विचारलं असतं."

"त्यालाच विचारू," लेसिएली म्हणाली.

"तो झोपलाय."

"झोप उतरतेय त्याची. मला हाताला कळतंय. थोडी आणखी उतरू द्या."

उठला की घाबरणार, घाबरला की हात नळीकडं जाणार, खोकणार. त्याचा एक खोकला आणि लेसिएलीची दोन बोटं. पण दुसरं होतं काय? डॉक्टरिणीनं औषधाची नळी बंद केली. पेनीनं एका गुडघ्यानं फेआओचा एक हात गादीवर दाबला.

फेआओ वर आला, बुडणारा माणूस वर यावा तसा. अंग ताठ झालं, पाय झाडले, मोकळा हात तोंडाकडं निघाला.

"फेआओ. मी लेसी."

हात हवेत थांबला. आणि मग त्यानं काय केलं, सांगू? तोंड फिरवलं. बहिणीचा आवाज इतक्या जवळून, बहिणीचा हात आपल्या तोंडात, आणि त्या भाजक्या, आंधळ्या, अर्धमेल्या माणसाला एवढंच सुचलं की तिच्यासमोरून तोंड फिरवावं. आईनं शिकवलेलं. नळी ताणली गेली. लेसिएली त्याच्या तोंडासोबत वाकली, जवळजवळ त्याच्या अंगावर पडली, पण चिमटी सोडली नाही.

"फिरवू नकोस रे. फेआओ, आज फिरवू नकोस. ऐक माझं. उद्यापासून हवं तेवढं फिरव." तिच्या डोळ्यांतलं पाणी त्याच्या मानेवर पडत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. "तुझे दात खोटे आहेत, कळलं मला. मी कुणाला सांगणार नाही. पण खरा कुठला ते सांग. मी बोट फिरवते. खरा आला की माझ्या मनगटावर दाब. ऐकू येतंय? दाब एकदा."

काही नाही. पेनीच्या फुग्याचा आवाज तेवढा. मग तिच्या मनगटावर त्याची बोटं आली. दाबलं.

उजव्या हाताची चिमटी नळीवर, डाव्या हाताचं बोट तिनं गालाच्या आतून मागं नेलं. एक दात लागला. थांबली. काही नाही. पुढचा. काही नाही. पुढं नुसता खड्डा. जीभ बोटावर जडशीळ पडलेली, रक्ताची चव येईल असा वास. बोटावर त्याचे दात आवळत होते, त्याचा त्याच्यावर ताबा नव्हता, पण तिनं हूं की चूं केलं नाही. आणखी मागं. एक दाढ. थांबली. त्याची बोटं हलली, पण दाबलं नाही. हात थरथरत होता, कळेना हो की नाही.

"फेआओ, नीट सांग. हा?"

त्यानं तिचं मनगट ढकललं. नाही. आणखी मागं.

अगदी शेवटची. तिथवर तिचं बोट जेमतेम पोचलं. आणि त्यानं दाबलं. असं दाबलं की नखं रुतली.

"हा तुझा?"

पुन्हा दाबलं.

ती दाढ तिनं बोटानं चाचपली. एका कोपऱ्याला चीर होती. लहानपणी कच्चा नारळ दातानं सोलायला गेला होता आणि आईनं पाठीत धपाटा घातला होता. ती चीर अजून तिथंच होती.

"हाच," ती डॉक्टरिणीला म्हणाली. "हा त्याचाच आहे. मी ओळखते."

दोरा तिलाच फिरवावा लागला. डॉक्टरिणीनं नळी धरली, पण तिची बोटं इतक्या आत पोचत नव्हती, आणि लेसिएलीचं डावं बोट एकदा काढलं असतं तर पुन्हा तिथं गेलंच नसतं. तिनं फास केला. मासे धरायच्या दोरीचा, लहानपणी त्याच्या दाताला बांधायची तोच. पहिल्यांदा घसरला. दुसऱ्यांदा फेआओला उबळ आली, सगळे थांबले, पेनी "धीर धर, धीर धर" म्हणत राहिला, कुणाला म्हणत होता कोण जाणे. तिसऱ्या वेळी फास दाढेच्या मुळाशी बसला. ओढला. दाढ हलली नाही. दुसरं टोक नळीला, गाठीवर गाठ. डॉक्टरिणीनं हळूच नळी ओढून बघितली. खुंटी पक्की होती.

"आता हात काढ," डॉक्टरीण म्हणाली.

लेसिएलीनं काढला नाही. मघाशी दातावर विश्वास ठेवलाच होता सगळ्यांनी. तिनं उजवी चिमटी पुन्हा नळीवर नेऊन ठेवली. डावं बोट निघालं तेव्हा कातडं सोललेलं होतं.

विमानाचा आवाज आला तेव्हा सूर्य नारळाच्या झाडांना टेकला होता. स्ट्रेचर, गाडी, खड्डे. प्रत्येक खड्ड्याला ती नळीसोबत वर-खाली व्हायची. झाडाखालची माणसं गाडीभोवती आली, आणि आत्या पुढं होऊन हातवारे करत ओरडत होती, "बाजूला व्हा! नर्स आहे ती! नर्सला जागा द्या!" सगळ्यांना दिसत होतं ती कोण आहे. एकानंही तोंड उघडलं नाही. विमानात पेनी फुग्यावर आणि ती नळीवर. दार लागलं. खाली आत्या उभी, कमर मोकळी, चटई हातात.

कित्येक महिन्यांनी आला फेआओ. तू त्याला बघितलंस, ओळखलं नाहीस एवढंच. तो, दाराशी बसतो तो, कातडं ताणलेला. गात नाही आता. आवाज गेला, नुसता वारा येतो. समोर दातही नाहीत, परत बसवले नाहीत. म्हणतो, जेवणापुरते आहेत.

आणि लेसिएली? ती घरात आली की तो उठून बाहेर जातो. पहिल्यासारखंच. दोघं एका शब्दानं बोललेले नाहीत त्या दिवसापासून. पण दर रविवारी उमू उघडला की पहिला वाटा, पहिला मासा, केळीच्या पानात बांधून, तिच्या दारात ठेवून जातो. हाक मारत नाही. ती आतून त्याच्या पावलांचा आवाज ऐकते, तो लांब गेला की मग दार उघडते. तिचं डावं बोट अजून नीट वाकत नाही. पान सोडवायला वेळ लागतो तिला.

घे, वाटी आली तुझी. पी आधी.

आता माझं मागणं ऐक. तो तुझा सोन्याचा, खरा आहे की खोटा, मला नको सांगूस, मला काय करायचंय? पण तुला बहीण आहे. उद्या तिच्याकडं जा. समोर जायला लाज वाटली तर भिंतीआडून बोल, आत्याकरवी निरोप धाड, कसंही कर. पण तुझा खरा दात कुठला, तेवढं तिला सांगून ठेव.